तक्रार एकही नाही

मुलीने लग्न मास्तरशी करावं, कंडक्टरशी करावं, अगदी बँडवाल्याशी करावं, पण बॅटऱ्या तपासणाऱ्या माणसाशी करू नये. हे मी रागाने बोलतेय असं वाटेल, तर हो, रागानेच बोलतेय. आमच्या सिडकोतल्या घरात गॅलरीत तुळशीशेजारी वाळूची बादली आहे. पाहुणा आला की मी पाणी घेऊन येईपर्यंत आमचे हे त्याचा मोबाइल मागून घेतात, मागचं झाकण उघडतात आणि बॅटरी फरशीवर ठेवून भोवऱ्यासारखी फिरवून बघतात. गरगर फिरली म्हणजे पोटात फुगली, आणि फुगली म्हणजे चालली बादलीत. माझा भाऊ योगेश आमच्या योगिनीच्या वाढदिवसाला कळवणहून आला होता, तेव्हा त्याची बॅटरी अशीच वाळूत गाडली गेली. त्याचा कांद्याचा धंदा, दिवसभर व्यापाऱ्यांचे फोन. तो बिचारा केक कापेपर्यंत बादलीकडे बघत बसला. "ताई, दाजींना काहीतरी सांग ना गं," म्हणाला. काय सांगणार, कपाळ!

आमचे हे म्हणजे धनराज भोये. सातपूरच्या एका बॅटरीच्या कारखान्यात संशोधक. नावाआधी डॉक्टर लागतं, पण त्याचा उपयोग एवढाच की खालच्या मजल्यावरच्या विमलाबाई अधूनमधून गुडघेदुखीवर गोळी विचारायला येतात, आणि हे त्यांना गोळीऐवजी मोबाइल उशीखाली ठेवू नका म्हणून सांगतात.

यांचं मूळ गाव कळवणच्या पश्चिमेला, डोंगरातला पाडा. भाताची खाचरं, उतारावर नागली, आणि पावसाळ्यात अंगावरचं धोतरसुद्धा वाळत नाही असा ओलावा. यांचे वडील, बुधा भोये, यांच्याकडे पाड्यावरचा पहिला रेडिओ होता. सेल उतरले की रेडिओ बोबडा व्हायचा. मग माझ्या सासूबाई, बायडाबाई, ते सेल काढून उन्हात कौलांवर ठेवायच्या. पावसाळ्यात ऊन कुठलं? पण तिकडे प्रत्येक घरात चुलीच्या वर बांबूची ताटी टांगलेली असते. बियाणं, मीठ, काडेपेटी, जे जे कोरडं राहायला हवं ते सगळं त्या ताटीवर. तिथेच हे सेल. सकाळच्या भाकरी झाल्या की गरम सेल रेडिओत घालायचे आणि रेडिओ पुन्हा खणखणीत बोलायचा. गरम झाल्यावर हा बोलतो कसा, असं यांनी लहानपणी सगळ्यांना विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. म्हणून हा माणूस आश्रमशाळेतून नाशिकला आणि नाशिकहून पुण्याला शिकत शिकत गेला. बाकीची पोरं असला प्रश्न विसरून गोट्या खेळायला जातात.

चौऱ्याण्णवला आमचं लग्न झालं तेव्हा कारखाना स्कूटरच्या बॅटऱ्या करायचा. शर्टाला ॲसिडची भोकं, एवढाच काय तो त्रास. पुढे मोबाइल आले आणि त्यांच्याबरोबर हे लिथियमचे सेल आले. आत धातूचे दोन पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा. पडदा शाबूत आहे तोवर बॅटरी, पडदा वितळला किंवा फाटला की आग. यांचं काम काय, तर तो पडदा कधी दगा देतो ते बघायचं. सेलला खिळा मारायचा, सेल चेचायचा, भट्टीत तापवायचा, पोट फुटेस्तोवर चार्ज करायचा. लोक पगार घेऊन वस्तू बनवतात, हे पगार घेऊन फोडतात. फुटली की घरी खुशीत येतात. "आज काय मस्त पेटली!" म्हणतात आणि हात न धुता ताटावर बसतात. मी महापालिकेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. माझ्या वर्गातली पोरं यांच्यापेक्षा लवकर हात धुतात.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण दोन हजार सात साली दिवे आले.

लोडशेडिंगचे दिवस होते. शहरातच जीव मेटाकुटीला यायचा, तर डोंगरात काय सांगावं. एका संस्थेने डोंगरातल्या पाड्यांवर वाटायला हातदिव्यांची मोठी ऑर्डर कारखान्याला दिली. छोटा पांढरा दिवा, आत पाकिटासारखा चपटा लिथियमचा सेल. वीज असेल तेव्हा चार्ज करायचा, नसेल तेव्हा लावायचा. पोरांनी अभ्यास करावा, बायांनी स्वयंपाक करावा. दिव्याने सगळ्या चाचण्या पास केल्या. यांचे वरिष्ठ शेवाळे साहेब खूश. आणि आमच्या यांना नेमकी आठवली ती चुलीवरची ताटी.

"साहेब, लोक हा दिवा चुलीच्या वर ठेवतील."

"कशाला ठेवतील?"

"पावसाळ्यात ओलावा लागू नये म्हणून. शिवाय उजेड मंदावला की सेल गरम करायचा, हे आमच्याकडे घरोघर माहीत आहे. जुन्या सेलला ते चालायचं. भरलेला लिथियमचा सेल रोज असा धगीवर ठेवला तर आत वायू धरतो, फुगतो. मग तोच पुन्हा चार्जिंगला लावला तर पेटेल."

"मग पुस्तिकेत छापू. आगीजवळ ठेवू नये."

"वाचणार कोण?"

"भोये, चुलीची चाचणी कुठल्या पुस्तकात आहे ते मला दाखवा, मग बोलू."

हा संवाद मला तोंडपाठ आहे, कारण रोज रात्रीच्या जेवणात तो भाजीसोबत वाढला जायचा. साहेबांचा आवाज काढून, हातवारे करून. योगिनीलासुद्धा पाठ झाला होता.

पुस्तकात नाही ना, मग आपण करू, म्हणून या माणसाने आमच्या इमारतीच्या गच्चीवर मातीची चूल मांडली. वर बांबूची ताटी बांधली आणि तिच्यावर दिवे ठेवले. मी म्हटलं, प्रयोगशाळेतल्या भट्टीला काय झालं? तर म्हणे भट्टी एकसारखी तापते, चूल तशी तापत नाही. भाकरी भाजताना वेगळी, कालवण रटरटताना वेगळी, निखारे विझताना वेगळी. खरा स्वयंपाकच पाहिजे. आता खरा स्वयंपाक कोण करणार? मी! दिवसभर शाळेत घसा फोडून यायचं आणि घरात गॅस असताना गच्चीवर धुरात डोळे चोळत नागलीच्या भाकरी थापायच्या. हे शेजारी बसून ताटीला लावलेल्या तापमापकाकडे बघत म्हणायचे, "मीना, जाळ जरा कमी कर, आई एवढा घालत नाही." विमलाबाईंच्या वाळत घातलेल्या साड्यांना धुराचा वास लागला. एके संध्याकाळी त्या वर आल्या, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "अगं, गॅस संपलाय का? माझ्याकडे जादाचा सिलिंडर आहे, ने हो, लाजू नकोस." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उन्हाळा संपता संपता गच्चीवरचे दिवे फुगले. पेटला मात्र एकही नाही. साहेब म्हणाले, फुगला म्हणजे पेटला नव्हे, आणि तुमच्या बायकोच्या भाकरींवरून मी एवढी ऑर्डर थांबवू शकत नाही. हे ऐकून मला माझ्या भाकरींचा पहिल्यांदाच अपमान झाल्यासारखा वाटला. शेवटी साहेबांनी तोडगा काढला. पावसाळाभर थोडे दिवे खऱ्या पाड्यावर वापरायला द्यायचे. एक जरी तक्रार आली तर सेल बदलायचा. नाही आली तर दिवाळीनंतर ट्रक भरायचे.

"पाडा तुमचाच घ्या की, भोये. लोक तुमचं ऐकतील."

हे नको नको म्हणत राहिले. पण यांचं नको ऐकतो कोण? संस्थेची जीप दिवे घेऊन गेलीसुद्धा.

पुढच्याच रविवारी आम्ही पाड्यावर गेलो. सासूबाईंच्या अंगणात यांनी सगळ्यांना जमवलं आणि घसा बसेपर्यंत सांगितलं. दिवा ताटीवर ठेवू नका. गरम करू नका. फुगला तर चार्ज करू नका. आणि काहीही झालं तर मला लगेच कळवा, एक जरी तक्रार आली तर साहेब हे काम थांबवणार आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. सासूबाई सगळ्यात पुढे बसून सगळ्यात जास्त डोलावत होत्या.

मग सुरू झाले फोन. पाड्याखालच्या दुकानात फोन होता, तिथे हे सतत फोन लावायचे. "दिवा कसा आहे?" "लय भारी." "फुगला का?" "नाय." "गरम लागतो का?" "नाय बा." सासूबाईंना बोलावून घेतलं तर त्या एवढ्या जोरात "चांगला हाय!" म्हणायच्या की मला ओट्यापाशी ऐकू यायचं. तक्रार एकही नाही. शेवाळे साहेब भेटेल त्याला हेच वाक्य ऐकवायचे. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. आमचे हे मात्र वाळत चालले. जेवताना घास हातात धरून बसायचे. "असं होऊच शकत नाही," म्हणायचे. "आपली माणसं ताटीवर दिवा ठेवणार नाहीत? मी ओळखत नाही का त्यांना?"

"अहो, मग एकदा म्हणा की माझं चुकलं म्हणून!" मी कडाडले. "भाकरी थापून माझे हात काळे झाले ते कशासाठी, ते तरी सांगा!"

हे उठून गॅलरीत गेले आणि वाळूची बादली उगाच इकडची तिकडे केली.

दिवाळीच्या सुट्टीत पाड्यावर गेलो. सुट्टी संपली की सोमवारी ट्रक भरायचे असं ठरलं होतं. त्यामुळे पोचल्या पोचल्या, पाय न धुता, हे घरोघर फिरायला लागले. आणि मजा बघा, एकाही घरात दिवा दिसेना. मंगळू म्हणाला, "पेटीत हाय, चावी बायकोकडं, बायको भात कापायला गेली." पुंजाराम म्हणाला, पाव्हण्यांनी बघायला नेला. चंद्रभागाकाकूंनी तर "दिवा लय भारी" म्हणून दारच लावून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, माझा शेजारी दिलाय. शेजारी म्हणाले, बायडाबाईकडंच हाय. हे अंगणात डोकं धरून बसले.

मी चहा ठेवायला आत गेले. चुलीपुढे बसले आणि सहज वर बघितलं. ताटी नवी होती. पिवळ्या कोवळ्या बांबूची, काजळीचा ठिपका नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती ताटी डांबरासारखी काळी. तिच्या वरची कौलंही नवी, लालभडक. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या डाव्या हाताने मला साखरेचा डबा देत होत्या. उजवा हात पदरात होता.

"आई, हात दाखवा."

"कशाला? काय नाय हातात."

"दाखवा म्हणते ना!"

मी हात ओढूनच बाहेर काढला. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी गुलाबी, आक्रसलेली, चकचकीत. सासूबाईंवर मी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "चांगला हाय, चांगला हाय म्हणून ओरडत होतात ते याच हाताने फोन धरून का?"

हे धावत आत आले. त्यांनी आईचा हात बघितला आणि तो दोन्ही हातांत धरून तिच्यापुढे बसले.

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. श्रावणात झड लागली, भिंतीसुद्धा पाझरायला लागल्या. यांनी सांगितलेलं सगळ्यांना आठवत होतं, पण घरात दुसरी कोरडी जागा होती कुठे? दिवे ताटीवर गेले. काही दिवसांत फुगले. सासूबाईंनी त्यांचा दिवा ताटीवरच ठेवून वायर लावली आणि बाहेर शेण उचलायला गेल्या. परत येतात तो दिव्यातून फसफस धूर, आणि मग भडका. त्यांनी हाताने दिवा ओढून अंगणात फेकला. ताटी जळाली, कौलं तडकली. घर वाचलं ते पावसामुळे.

"मग मला सांगितलं का नाही, आई?" हे म्हणाले.

"कसं सांगू? तूच म्हणला होतास, तक्रार आली तर साहेब काम थांबवणार. तुझं काम थांबलं तर तू काय करशील? मग मी घरोघर गेले. म्हटलं, माझ्या पोराची नोकरी जाईल, कोणी तोंड उघडायचं नाय." सासूबाईंनी पदर सावरला. "नाय उघडलं बघ कोणी."

आणि वर तोंडावर अभिमान केवढा! या पाड्याने एकजुटीने कधी रस्ता मागितला नाही, पाणी मागितलं नाही. पण धनराजची नोकरी राखायची म्हटल्यावर म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांनी तोंडाला कुलूप घातलं. आणि त्या धनराजला जगात एकच गोष्ट हवी होती, एक तक्रार! मला रडावं की हसावं कळेना.

"बाकीचे दिवे कुठे आहेत?" यांनी विचारलं.

"पुरले."

नागलीच्या बांधाला एका खड्ड्यात सगळ्या पाड्याचे दिवे पुरले होते. खड्डा सासूबाईंनीच दाखवला. कुदळ लागून पेट घेतील म्हणून यांनी हातांनी माती उकरली. एकेक दिवा निघाला, पोट फुगलेला, कवच तडकलेलं. यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हा माणूस ओरडत काय होता? "मीना, फुगलेत गं! सगळे फुगलेत!" त्या क्षणी मला त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. घमेलं घेऊन ओढ्याची वाळू आणायला गेले.

सोमवारी कारखान्यात शेवाळे साहेबांनी डब्यातल्या वाळूत रुतलेले दिवे बघितले आणि मान हलवली. साहेब तसे वाईट माणूस नव्हेत. पण संस्थेचे रोज फोन येत होते आणि ट्रक दारात उभा होता. "भोये, मातीत पुरलेल्या वस्तूवरून मी वर काय सांगू? वापरणारं माणूस पाहिजे. त्याच्या तोंडून तक्रार पाहिजे."

वापरणारं माणूस बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसलं होतं. सासूबाईंना नाशिकला आणताना माझ्या नाकी नऊ आले. पोराच्या कामाला मी नावं ठेवणार नाय, हे एकच पालुपद. शेवटी मी म्हटलं, "आई, तुमचा हात भाजला. हे दिवे आणखी पाड्यांवर गेले तर कोणाचं तान्हं पोर भाजेल. तिथे कोण ओढून फेकणार आहे?" तेव्हा त्या आत गेल्या आणि धुतलेलं लुगडं नेसून आल्या. बसमध्ये वणीपासून दिंडोरीपर्यंत मी त्यांच्याकडून घोकून घेतलं, दिवा फुगला, दिवा पेटला, हात भाजला. चौथीच्या पोरांना पाढे घोकून घेते तसंच.

आम्ही केबिनमध्ये गेलो. साहेबांनी उठून सासूबाईंना खुर्ची दिली. "बोला आजी. दिवा कसा आहे?"

सासूबाईंनी साहेबांकडे बघितलं. मग यांच्याकडे बघितलं. यांचा इस्त्रीचा शर्ट, टेबलावरची यांची फाइल, दाराशी हात बांधून उभे असलेले यांच्या हाताखालचे लोक, सगळं डोळे भरून बघितलं. उजवा हात पदरात गेला.

"लय चांगला हाय, साहेब. माझ्या पोरानं केलाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. यांनी डोळे मिटले.

"आई, हाताचं सांगा," मी दात ओठ खात म्हटलं.

"हात व्हय? तो चुलीनं भाजला."

साहेब हसले. यांच्याकडे वळून म्हणाले, "बघा भोये, तुमच्या आईचीच तक्रार नाही." मग त्यांनी शेजारच्या खोक्यातून एक नवा कोरा दिवा काढला आणि सासूबाईंच्या पुढे धरला. "घ्या आजी. हा माझ्याकडून."

सासूबाई उठल्या. त्यांनी दिवा घेतला, दोन्ही हातांनी, अंगापासून लांब, चिमट्यात निखारा धरावा तसा. आणि केबिनबाहेर चालायला लागल्या. आम्ही सगळे मागे. त्या व्हरांड्यातून गेल्या, पायऱ्या उतरल्या, ट्रकला वळसा घालून पुढे गेल्या. पटांगणाच्या मधोमध, आजूबाजूला काही नाही अशी जागा बघून त्यांनी दिवा सिमेंटवर ठेवला. तशाच परत आल्या, पायऱ्यांवर लुगड्याला हात पुसले आणि यांच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

साहेबांना काही कळेना. "आजी, आत्ता तर चांगला आहे म्हणालात ना?"

"चांगलाच हाय, साहेब," सासूबाई म्हणाल्या. "पण इथं माझा पोरगा बसतो."

पुसताना भाजलेला हात पदराबाहेरच राहिला होता. साहेबांनी त्या हाताकडे बघितलं आणि बघतच राहिले. मग आत जाऊन त्यांनी फोन उचलला आणि गोदामाला सांगितलं, ट्रक भरू नका.